घर गावात, टीम परदेशात: रिमोट नोकरीबद्दल वाचकांचे प्रश्न

घरून परदेशी कंपनीत काम करणाऱ्या, किंवा तशी नोकरी शोधणाऱ्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा निवडली आहेत. नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी दिली आहेत.

प्रश्न: सहा वर्षं एका सर्व्हिस कंपनीत जावावर काम करतोय. चार रिमोट कंपन्यांचे इंटरव्ह्यू दिले. रिक्रूटरशी बोलणं छान होतं, पण तांत्रिक राउंड झाला की ‘कम्युनिकेशन कमी पडलं’ असा मेल येतो. माझं इंग्रजी ठीकठाक आहे. मग कमी काय पडतंय? (पिंपरी-चिंचवड)

इंग्रजीच्या क्लासवर पैसे घालू नका. या शेऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: तुमच्या डोक्यात काय चाललंय ते समोरच्याला कळलं नाही. ऑफिसात शेजारच्याला तुमची स्क्रीन दिसते, फळ्यावरची आकृती दिसते, अडलेलं गाडं चहाच्या टेबलावर कळतं. रिमोट टीममध्ये तुम्ही जे बोललात आणि लिहिलंत, तेवढंच तुमचं काम म्हणून पोहोचतं. इंटरव्ह्यू घेणारा तेच तपासत असतो.

सर्व्हिस कंपनीतून आलेल्यांचं पहिलं अडखळणं म्हणजे ‘आम्ही’. ‘आम्ही क्लायंटसाठी पेमेंट मॉड्यूल केलं’ या वाक्यातून तुम्ही काय केलं ते कळत नाही. दुसरं म्हणजे नमनाला घडाभर तेल: क्लायंट कोण, टीम किती, स्प्रिंट कसे, यातच सात मिनिटं जातात. त्याऐवजी असं सांगून बघा:

‘रात्री चालणारा सेटलमेंटचा जॉब साडेतीन तास घ्यायचा आणि सकाळी सहाची मुदत हुकायची. लॉग बघितले तर प्रत्येक व्यवहारासाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी जात होती. मी त्या पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्यांत घेतल्या आणि एक इंडेक्स वाढवला. वेळ चाळीस मिनिटांवर आला. कॅशिंग सुचवलं गेलं होतं, पण त्यात शिल्लक शिळी दिसण्याचा धोका होता, म्हणून मी ते टाळलं.’

हे मिनिटभरात सांगून होतं. अडचण, कारण, तुमचा निर्णय, आकडा आणि नाकारलेला पर्याय, सगळं त्यात आलं. पुढचे प्रश्न तो विचारेलच. अशी पाच-सहा कामं इंटरव्ह्यूआधी लिहून काढा. त्यात एक फसलेलं काम हवंच, कारण ‘काय चुकलं ते सांगा’ हा प्रश्न हमखास येतो आणि तिथे ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर कोणालाही पटत नाही. क्लायंटचं नाव आणि गुप्त तपशील मात्र गाळा. ते सांगणं कराराचा भंग ठरतंच, शिवाय उद्या आमचंही असंच बाहेर सांगाल, हे ऐकणाऱ्याच्या मनात येतं.

लाइव्ह कोडिंगमध्ये सगळ्यात महाग पडते ती शांतता. समजा प्रश्न आला: दोन माणसांची कॅलेंडरं दिली आहेत, दोघांच्या सामाईक मोकळ्या वेळा शोधा. लगेच टाइप करायला घेऊ नका. आधी विचारा: मीटिंगा वेळेच्या क्रमाने लावलेल्या आहेत का? एकाच माणसाच्या दोन मीटिंगा एकमेकींवर चढू शकतात का? एक मीटिंग अकराला संपते आणि दुसरी अकराला सुरू होते, तर मध्ये शून्य मिनिटांची मोकळी वेळ दाखवायची का? वेळा एकाच टाइमझोनमधल्या आहेत का? हे दोन मिनिटांत उरकतं, आणि अर्ध्याहून जास्त चुका इथेच टळतात. मग एक छोटं उदाहरण कॉमेंटमध्ये लिहा, सोपा उपाय तोंडी सांगा (सगळ्या मीटिंगा एका यादीत घेऊन सुरुवातीच्या वेळेने क्रम लावायचा, चढलेल्या जोडायच्या, उरलेल्या फटी म्हणजे उत्तर), त्याला किती वेळ लागेल ते सांगा, आणि ‘यावर पुढे जाऊ का?’ असं विचारून मगच कोड लिहा. अडलात तर ‘मला मिनिटभर विचार करू द्या, मी शेवटच्या मीटिंगनंतरच्या वेळेचा विचार करतोय’ असं म्हणा. कॉलवर दीड मिनिट गप्प राहिलं की समोरच्याला नेट गेलंय की माणूस अडलाय हेच कळत नाही. कोड झाला की त्याने विचारायच्या आत स्वतः चाचण्या घ्या: रिकामं कॅलेंडर, दिवसभराची एकच मीटिंग, दोघांची सारखीच मीटिंग.

आता घरी करायच्या असाइनमेंटबद्दल, कारण बऱ्याच रिमोट कंपन्या हा राउंड ठेवतात. ‘चार तास’ सांगितले असतील तर लोक दोन दिवस घालवतात आणि लॉगिन स्क्रीन सजवतात. तसं करू नका. पहिली वीस-पंचवीस मिनिटं प्रश्न वाचायला आणि गृहीतकं लिहायला, अडीच तास मुख्य कामाला, पाऊण तास टेस्टना आणि उरलेला वेळ रीडमीला, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलला द्या. रीडमीत चार गोष्टी हव्यात: कोड कसा चालवायचा, काय गृहीत धरलं, काय मुद्दाम सोडलं आणि का, आणखी एक दिवस मिळाला असता तर काय केलं असतं. पाठवण्याआधी दुसऱ्या रिकाम्या फोल्डरमध्ये कोडची प्रत उतरवा (क्लोन करा) आणि आपल्याच रीडमीप्रमाणे पायरी पायरीने चालवून बघा. सगळ्यात जास्त असाइनमेंट इथेच आपटतात: कोड चांगला असतो, पण एन्व्हायर्नमेंटची, म्हणजे सेटिंगांची फाइल गिटमध्ये (कोडच्या साठ्यात) चढलेली नसते आणि तपासणाऱ्याच्या मशीनवर पहिल्याच कमांडला एरर येते. कमिटही (बदलांच्या नोंदी) कामाच्या टप्प्यांनी करा. ‘फायनल’, ‘फायनल 2’ अशी दोनच कमिट दिसली की तुम्ही कसं काम करता ते कळायला जागाच उरत नाही.

काम एका दिवसापेक्षा मोठं असेल तर मोबदल्याबद्दल विचारायला संकोचू नका. वर्डप्रेसडॉटकॉम चालवणारी ऑटोमॅटिक ही पूर्ण रिमोट कंपनी उमेदवाराला चाचणीचं काम देते आणि त्याचे पैसेही देते. तेव्हा ही मागणी जगावेगळी नाही.

एआयची मदत घ्यायची का, तर आधी मेलवर नियम विचारा. काही कंपन्या सर्रास परवानगी देतात, काहींना अजिबात चालत नाही. परवानगी असली तरी समजली नाही अशी एकही ओळ ठेवू नका. पुढच्या राउंडला तोच कोड उघडून ‘आता यात रद्द झालेल्या ऑर्डर वगळा’ असं सांगतात, आणि स्वतः न लिहिलेला कोड तिथे पाच मिनिटांत उघडा पडतो.

आणि वेळ. आपल्याकडे घड्याळ बदलत नाही, त्यांच्याकडे बदलतं. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. परत मागे येतं ते युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या. या मधल्या आठवड्यांत तोंडी हिशोब करणारे लोक इंटरव्ह्यूला तासभर उशिरा पोहोचतात. कॅलेंडरचं निमंत्रण मागून घ्या, आणि उत्तरात दोन्ही वेळा लिहा: ‘तुमचे सकाळचे 10, भारतातले संध्याकाळचे 7:30, बरोबर ना?’

प्रश्न: पुढच्या आठवड्यात शेवटचा राउंड आहे, सलग तीन तासांचा. आमच्याकडे दिवसातून दोनदा तरी लाइट जाते. इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की नेट बंद पडतं आणि यायला पाच मिनिटं लागतात. काय करू? (बार्शी तालुका)

तीन तासांचा राउंड म्हटल्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी तपासायला हव्यात: घरातली वीज, वायरमागची वीज, आणि दोन्ही गेल्या तर पर्याय.

आधी घरातली. इन्व्हर्टर असूनही राउटर बंद होऊन परत सुरू होतो, याचं नेहमीचं कारण म्हणजे इन्व्हर्टरच्या मागचं बटण. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरना दोन मोड असतात: साधा किंवा इको, आणि यूपीएस. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला जो क्षणभर वेळ लागतो तो पंख्याला कळत नाही, पण राउटर मात्र रीस्टार्ट होतो. यूपीएस मोड लावा. त्यातही एक अडचण आहे, आणि ती तालुक्याच्या ठिकाणी जास्त जाणवते. या मोडमध्ये व्होल्टेज साधारण 180 च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लाइट असतानाही बॅटरीवर जातो. तुमच्याकडे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्यावर व्होल्टेज पडत असेल, तर बॅटरी तुम्हाला न कळता उतरत राहील आणि खरी लाइट जाईल तेव्हा तासाभरात बसेल. म्हणून इंटरव्ह्यूच्याच वेळेला दोन दिवस आधी बघून ठेवा.

याहून भरवशाचा उपाय म्हणजे राउटरसाठी वेगळा मिनी यूपीएस. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. व्होल्ट जुळलेच पाहिजेत (बहुधा 12), आणि यूपीएसचा अँपिअरचा आकडा अडॅप्टरइतका किंवा जास्त हवा. 2 अँपिअर मागणाऱ्या राउटरला 1 अँपिअरचा यूपीएस लावला तर एरवी चालतो आणि ऐन व्हिडिओ कॉलमध्ये, लोड वाढला की बंद पडतो. फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर वेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप हवा. फक्त वायफायला दिला तर वायफायच्या पूर्ण दांड्या दिसतात आणि इंटरनेट मात्र नसतं. किती वेळ चालेल याचा हिशोब सोपा आहे: 8,800 एमएएचची बॅटरी 3.7 व्होल्टची म्हणजे साधारण 32 वॉट-तास. दोन्ही डबे मिळून 12 वॉट घेत असतील तर कागदावर अडीच तास, घट धरून दोन. तुमचा राउंड तीन तासांचा आहे, म्हणजे एवढ्यावर भागणार नाही. मिनी यूपीएसचं अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या सॉकेटला लावा. मग बॅटरीवर जातानाचा झटका मिनी यूपीएस पेलतो आणि लांबचा पल्ला इन्व्हर्टर.

आता वायरमागची वीज. घरात येणारी वायर कोणती आहे ते बघा. फायबरची बारीक वायर थेट घरातल्या डब्यापर्यंत येत असेल तर मधल्या स्प्लिटरना वीज लागत नाही, त्यामुळे गल्लीतली लाइट गेली तरी नेट राहू शकतं. पण केबलवाल्याने फायबर गल्लीच्या खांबावरच्या पेटीपर्यंत आणून पुढे साधी जाड लॅन केबल घरात ओढली असेल, तर त्या पेटीतल्या स्विचला वीज लागते. तुमच्या घरात दोन इन्व्हर्टर असले तरी ती पेटी मेली की नेट गेलं. केबलवाल्याला स्पष्ट विचारा, पेटीला बॅटरी आहे का आणि किती वेळ चालते.

पर्याय म्हणून दुसऱ्या कंपनीचं मोबाइल सिम. घरच्या वायफायच्याच कंपनीचं नको. लाइट गेली की सगळं गाव मोबाइल डेटावर येतं आणि वेग पडतो, म्हणून लाइट असताना घेतलेली स्पीड टेस्ट खरी धरू नका. लाइट गेलेली असताना घ्या आणि अपलोडचा आकडा बघा. 3 ते 4 एमबीपीएस अपलोड स्थिर मिळत असेल तर व्हिडिओ कॉल आणि स्क्रीन शेअरिंग दोन्ही निभावतं. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा, हॉटस्पॉटपेक्षा ते स्थिर असतं आणि फोन चार्जही होत राहतो. व्हिडिओ कॉलला तासाला एक-दीड जीबी सहज लागतो, म्हणजे रोजचे 2 जीबी तीन तासांत संपतील आणि त्यानंतरच्या वेगात आवाजही जाणार नाही. आदल्या दिवशी जास्तीचा डेटा पॅक मारून ठेवा.

आदल्या दिवशी एक मेलही पाठवा: ‘आमच्या भागात वीज जाते. बॅकअप आहे. तरीही कॉल तुटला तर मी दोन मिनिटांत मोबाइलवरून परत येईन. न आल्यास हा माझा फोन नंबर.’ यात कमीपणा काहीच नाही. उलट अडचण आधी सांगणारा आणि सोय करून ठेवणारा माणूस त्यांना हवाच असतो. कॉल तुटला तर परत आल्यावर माफीत वेळ घालवू नका. ‘आपण रिट्रायच्या मर्यादेबद्दल बोलत होतो’ म्हणून तिथूनच पुढे चला.

प्रश्न: लिंक्डइनवर एका रिक्रूटरने चांगल्या पगाराचं काम सांगितलं आणि ‘हा प्रोजेक्ट क्लोन करून चालवा, एक बग आहे तो शोधा’ म्हणून गिटहबची लिंक दिली. कॉल अर्ध्या तासात आहे म्हणतात. मित्र म्हणतो चालवू नको. (नागपूर)

मित्राचं ऐका. ही फसवणुकीची ओळखीची पद्धत आहे. पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट 42 या संशोधन गटाने 2023 मध्ये अशी मोहीम उघड केली आणि तिला ‘कंटेजियस इंटरव्ह्यू’ असं नाव दिलं. तिचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला गेला आहे. नोकरीच्या नावाखाली इंजिनिअरकडून कोड चालवून घ्यायचा आणि ब्राउझरमधले पासवर्ड, क्रिप्टो वॉलेट, खात्यांच्या डिजिटल किल्ल्या चोरायच्या, असा तो प्रकार.

सापळा बहुधा इन्स्टॉल करतानाच लागतो. पॅकेज डॉट जेसन या प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये ‘प्रीइन्स्टॉल’ किंवा ‘पोस्टइन्स्टॉल’ नावाची स्क्रिप्ट असेल तर एनपीएम इन्स्टॉल ही कमांड दिल्याबरोबर ती चालते. तुम्ही प्रोजेक्ट सुरू कराल याची वाटही ती बघत नाही. कधी कॉन्फिगच्या फाइलमध्ये एका ओळीच्या शेवटी शेकडो स्पेस देऊन उजवीकडे, स्क्रीनबाहेर कोड लपवलेला असतो, म्हणून एडिटरमध्ये वर्ड रॅप लावून वाचा. व्हीएस कोड हा एडिटर फोल्डर उघडताना ‘लेखकावर विश्वास आहे का’ असं विचारतो, तिथे सवयीने होय दाबू नका. फोल्डर उघडताच चालणारं टास्क त्यात असू शकतं.

खरी कंपनी असेल तर ‘मी हे वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवतो, उद्या बोलू’ म्हटल्यावर कोणी रागावणार नाही. घाई करणारा बहुधा खोटा. चालवायचंच झालं तर रिकाम्या व्हर्च्युअल मशीनवर (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या वेगळ्या, बंदिस्त कॉम्प्युटरवर) किंवा ब्राउझरमधल्या क्लाउड एडिटरवर चालवा, आणि तिथे स्वतःच्या कुठल्याही खात्यात लॉगिन करू नका. सध्याच्या नोकरीच्या लॅपटॉपवर तर कधीच नाही.

आधीच चालवून बसला असाल तर पहिल्यांदा नेट तोडा. दुसऱ्या मशीनवरून मेल, गिटहब आणि बँकेचे पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा, एसएसएच की (सर्व्हरवर शिरायच्या डिजिटल किल्ल्या) आणि क्लाउडचे टोकन रद्द करा, आणि मग लॅपटॉप फॉरमॅट करा. नुसतं अँटीव्हायरस फिरवून सोडू नका. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. लॅपटॉप कंपनीचा असेल तर त्यांच्या सिक्युरिटी टीमला त्याच दिवशी सांगा. लपवलेलं नंतर सापडलं की प्रकरण फार वाईट थराला जातं.

प्रश्न: अमेरिकन कंपनीने दोन पर्याय दिलेत: तासाला 25 डॉलरने कॉन्ट्रॅक्टर, किंवा ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’मार्फत पगारी नोकरी. कॉन्ट्रॅक्टरमध्ये आकडा मोठा दिसतोय. कर वगैरे कसं असतं? (फोंडा, गोवा)

आकडा मोठा दिसतो, कारण आपण तो वर्षाच्या 2,080 तासांनी गुणतो. 25 गुणिले 2,080 म्हणजे 52,000 डॉलर. आता वर्षाच्या 365 दिवसांतून शनिवार-रविवारचे 104 काढा, सणावाराचे 10 काढा, आजारपण आणि रजेचे 20 काढा. उरले 231 दिवस, म्हणजे 1,848 तास आणि 46,200 डॉलर. त्यातून आरोग्यविमा, लॅपटॉप, सीएची फी आणि काम नसलेल्या महिन्यासाठीची गंगाजळी बाजूला काढायची. पीएफमधला कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटी मिळणार नाही. एवढं करून जो आकडा येईल तो पगाराशी ताडून बघा.

एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड म्हणजे कागदोपत्री तुमचा मालक असलेली भारतातली कंपनी. पगार रुपयांत येतो, टीडीएस आणि पीएफ कापला जातो, अनुभवाचं पत्रही तीच देते. सहा महिन्यांत गृहकर्ज काढायचं असेल तर ही वाट निर्विवाद सोपी. कॉन्ट्रॅक्टरकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात.

कॉन्ट्रॅक्टर झालात तर कंपनी डब्ल्यू-8बीईएन फॉर्म भरून मागेल. तुम्ही अमेरिकन नागरिक किंवा तिथले रहिवासी नाही आणि काम भारतातून करता, हे सांगण्यासाठी तो असतो. सही केलेलं वर्ष आणि पुढची तीन कॅलेंडर वर्षं तो चालतो. कर इथे भरायचा. जुन्या प्राप्तिकर कायद्यात (1961) कलम 44एडीए म्हणून असलेल्या तरतुदीप्रमाणे ठरावीक व्यावसायिकांना एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो, आणि माहिती तंत्रज्ञान हा व्यवसाय त्यासाठी अधिसूचित आहे. मर्यादा 50 लाखांची, रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर 75 लाखांची. ही वाट घेणाऱ्याने संपूर्ण आगाऊ कर 15 मार्चपर्यंत भरायचा असतो, नाहीतर व्याज लागतं. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुना क्रमांक बघून गोंधळू नका. करार मात्र सीएला दाखवा. ठरलेले तास, ठरलेली रजा आणि एकच मालक असा करार असेल तर तो पगारासारखा दिसतो, आणि तो प्रश्न आधीच सोडवलेला बरा.

जीएसटी: वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या पुढे गेली की नोंदणी लागते, आणि निर्यातीची रक्कमही त्यात मोजली जाते. सेवा परदेशी ग्राहकाला आणि पैसे परकीय चलनात, तर ती निर्यात धरली जाते आणि तिच्यावर कर शून्य. पण त्यासाठी दर आर्थिक वर्षी आरएफडी-11 फॉर्मवर हमीपत्र, म्हणजे एलयूटी भरावं लागतं. लोक पहिल्या वर्षी भरतात आणि एप्रिलमध्ये विसरतात. कर शून्य असला तरी विवरणपत्रं भरावीच लागतात.

पैसे कोणत्या मार्गाने येतात तेही बघा. बाजारभावापेक्षा डॉलरमागे एकच रुपया कमी मिळाला तरी महिन्याच्या 3,000 डॉलरवर वर्षाला 36,000 रुपये जातात. प्रत्येक रकमेचा बँकेचा परकीय चलनाचा दाखला जपून ठेवा, निर्यात सिद्ध करायला तोच लागतो. आणि करारातली दोन कलमं सही करण्याआधी दोनदा वाचा: किती दिवसांच्या नोटिशीवर काम बंद करता येतं, आणि बिल दिल्यापासून किती दिवसांत पैसे. नोटीस सात दिवसांची आणि पैसे पंचेचाळीस दिवसांनी असेल, तर तुमची दीड महिन्याची कमाई कायम त्यांच्याकडे अडकलेली राहील.

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी रुजू झाले. टीम जर्मनी आणि कॅनडात. मी काही विचारलं की उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, पुल रिक्वेस्ट (माझा कोड तपासून घ्यायची विनंती) तीन-तीन दिवस पडून राहते. मी मागे पडतेय असं वाटतं. मॅनेजर म्हणतो सगळं ठीक आहे. (नाशिक)

तुमचा वेग कमी नाही, प्रश्नांच्या फेऱ्या जास्त होत आहेत. ‘हाय, थोडं बोलायचं होतं’ असा मेसेज म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. कॅनडातला माणूस उठून ‘हो, बोल’ म्हणेपर्यंत तुमचा दिवस संपला. तुम्ही उत्तर दिलं, तो झोपला. दोन दिवसांत कामाचं एक वाक्यही झालं नाही. एकाच मेसेजमध्ये सगळं लिहा:

‘ऑर्डर रद्द झाल्यावर परताव्याचा इव्हेंट दोनदा जातोय. स्टेजिंगवर दहापैकी तीन वेळा घडतं, लॉग सोबत जोडलाय. माझा अंदाज: टाइमआउटनंतर रिट्राय होतो आणि पहिली रिक्वेस्टही यशस्वी झालेली असते. पर्याय अ: प्रत्येक परताव्याला एकमेव क्रमांक देऊन दुसरा नाकारायचा. पर्याय ब: टाइमआउट 5 वरून 15 सेकंद करायचा. ब मध्ये दोष फक्त झाकला जातो, म्हणून मला अ योग्य वाटतो. उद्या माझ्या दुपारी दोनपर्यंत हरकत आली नाही तर मी अ सुरू करते. ते मागे घेणं सोपं आहे.’

शेवटची दोन वाक्यं सगळ्यात मोलाची. समोरच्याला फक्त ‘ठीक’ म्हणायचं आहे, आणि तो काही बोलला नाही तरी तुमचं काम थांबत नाही. मागे घेता न येणाऱ्या गोष्टींना मात्र हे लावू नका. डेटा पुसणारं मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) किंवा ग्राहकाला जाणारा मेल असेल तर उत्तराची वाट बघा, आणि तोवर हाताशी दुसरं काम ठेवा.

पुल रिक्वेस्ट पडून राहतात त्या मोठ्या असतात म्हणून. नऊशे ओळींची रिक्वेस्ट बघितली की माणूस ‘निवांत बघू’ म्हणतो, आणि तो निवांतपणा येत नाही. दोनशे ओळींच्या आत ठेवा. नावं बदलणं वेगळ्या रिक्वेस्टमध्ये, वागणूक बदलणं वेगळ्या. वर्णनात काय बदललं, का, आणि कसं तपासलं ते लिहा. स्क्रीन बदलली असेल तर आधीचा आणि नंतरचा फोटो जोडा. जिथे तुम्हालाच शंका आहे त्या ओळीवर स्वतः कॉमेंट टाका.

वेळेचं गणितही तुमच्या बाजूने वळवता येतं. बर्लिनचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले दीड, हिवाळ्यात अडीच. रिव्ह्यूला द्यायचं ते एक वाजेपर्यंत द्या, म्हणजे जर्मनीतल्या माणसाला दिवस सुरू करताना ते वरच दिसेल. संध्याकाळी सहाला दिलंत तर ते त्याच्या दुपारच्या मीटिंगांखाली गाडलं जातं. कॅनडाशी गाठ संध्याकाळी पडते. आठवड्यातले दोन दिवस त्यासाठी ठरवा आणि त्या दिवशी काम उशिरा सुरू करा. रोज सकाळी नऊ ते रात्री दहा ऑनलाइन राहणाऱ्यांचं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काय होतं ते आम्ही अनेकांच्या बाबतीत पाहिलंय: झोप जाते, मग चुका वाढतात, आणि त्या भरून काढायला आणखी तास. कामाचे तास कॅलेंडरवर लावून ठेवा आणि पाळा.

मॅनेजर ‘ठीक आहे’ म्हणतो त्यावर समाधान मानू नका. त्याला विचारा, ‘सहाव्या महिन्यात मी काय करत असले तर तुम्ही खूश व्हाल?’ आणि तो जे बोलेल ते लिहून त्यालाच पाठवा. दर शुक्रवारी पाच ओळींची नोंद द्या: काय संपलं, काय अडलंय, पुढच्या आठवड्यात काय. गिटलॅबने आपली कामाची हँडबुक सर्वांना वाचायला खुली ठेवली आहे. लेखी संवादाबद्दलचा भाग एका रविवारी वाचून काढा, बरंच हाती लागेल.

प्रश्न: मुलगा घरी बसून परदेशी कंपनीचं काम करतो. दुपारपर्यंत झोपतो, रात्री दार लावून बोलत बसतो. नोकरी खरी आहे ना, अशी काळजी वाटते. पाहुणे विचारतात तेव्हा काय सांगावं कळत नाही. (कराड)

काळजी रास्त आहे आणि तपासायला सोपी. त्याला करारपत्र आणि बँकेत आलेल्या रकमांचे दाखले दाखवायला सांगा, राग न धरता. दर महिन्याला पैसे येत असतील, विवरणपत्र भरलं जात असेल आणि कंपनीने त्याच्याकडे कधी ‘डिपॉझिट’ मागितलं नसेल, तर नोकरी खरी आहे. लॅपटॉपसाठी किंवा ट्रेनिंगसाठी आधी पैसे मागणारी कंपनी खोटी समजा.

दुपारपर्यंतची झोप म्हणजे त्याची रात्र आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. सकाळी अकराला गॅसचा नंबर लावायला किंवा पाहुण्यांना चहा द्यायला त्याला उठवू नका. त्याच्याकडूनही दोन गोष्टी मागून घ्या: आठवड्यातले कोणते दिवस रात्री उशिरापर्यंत काम असतं ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवायचं, आणि दिवसातलं एक जेवण सगळ्यांबरोबर. दाराला ‘कॉल सुरू आहे’ अशी पाटी अडकवली की दारावर थाप मारायची की नाही, हेही घरात कोणाला विचारावं लागत नाही.